मालकाचं कर्ज, भाडेकरूचं घर

आज बोलायचंय ते घराबद्दल, पण ज्यांचं नाव घराच्या कुठल्याच उताऱ्यावर नसतं त्यांच्याबद्दल. म्हणजे भाडेकरूंबद्दल. घरमालक बँकेकडून कर्ज काढतो, घर तारण ठेवतो, हप्ते थकतात आणि एक दिवस दाराला नोटीस चिकटते. नोटिशीवर नाव मालकाचं, घरात मात्र आपण. भाडं आपण महिन्याच्या महिन्याला दिलेलं असतं. मग आपण रस्त्यावर यायचं का? या प्रश्नाला गेल्या शंभर वर्षांत वेगवेगळी उत्तरं मिळाली आणि त्यातली बरीचशी मुंबईतल्या भाडेकरूंच्या भांडणांतून निघाली.

पहिलं महायुद्ध चालू होतं तेव्हा मुंबईत गिरण्या जोरात होत्या. कोकणातून, घाटावरून माणसं येत होती आणि खोल्या अपुऱ्या पडत होत्या. मालकांनी भाडी वाढवली. तेव्हा 1918 साली सरकारने मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा आणला. देशातला तो पहिलाच. युद्धापुरता म्हणून आणलेला तो कायदा पुढे संपला, पण दुसरं महायुद्ध लागलं आणि 1939 मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 मध्ये, मुंबई भाडे कायदा झाला आणि 1 सप्टेंबर 1940 या दिवशी खोलीला जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं धरलं गेलं. मालकाला वाटेल तेव्हा भाडेकरूला काढता येईना. त्यासाठी कायद्यात लिहिलेलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागे.

या कायद्यातली एक गोष्ट बायकांच्या दृष्टीने फार मोलाची होती. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाला भाडेकरूचा हक्क मिळे. नवरा गेला म्हणून विधवेला चाळीतली खोली सोडावी लागली नाही, ती या कलमामुळे. कायद्याचे तोटेही होतेच. भाडी गोठली तशी मालकांनी डागडुजी सोडली आणि पागडीचा काळा व्यवहार फोफावला. तो बोलण्याचा वेगळा विषय आहे.

आता कर्जाकडे येऊ. पूर्वी इमारत गहाण ठेवली आणि पैसे बुडाले, तर सावकाराला किंवा पेढीला दिवाणी कोर्टात दावा लावावा लागे. दावा वर्षानुवर्षं चाले. शेवटी लिलाव झाला तरी इमारत घेणारा ती भाडेकरूंसकट घेई. मालक बदलला, भाडं नव्या मालकाला द्यायचं, बस. चाळीतल्या माणसाला लिलावाची भीती वाटत नसे, ती यामुळे. गहाण ठेवलेल्या घरात मालकाने नंतर भाडेकरू ठेवला तर काय, याचाही विचार झाला होता. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात 1929 साली 65 अ हे कलम घातलं गेलं. घर गहाण असलं तरी मालक ते भाड्याने देऊ शकतो आणि तो करार कर्ज देणाऱ्यालाही मानावा लागतो, पण काही अटींवर: भाडं रास्त हवं, आगाऊ भाडं किंवा पागडी घेतलेली नको, आणि घराचा करार तीन वर्षांच्या वरचा नको. गहाणखतात वेगळं काही लिहिलं असेल तर मात्र ते चालतं. सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे. आजकाल बँकेच्या परवानगीशिवाय घर भाड्याने द्यायचं नाही, असं कर्जाच्या कागदांत सर्रास छापलेलं असतं. ते कागद भाडेकरूला कोण दाखवतो?

खरा बदल झाला 2002 मध्ये. बँकांची थकलेली कर्जं वाढत चालली होती. 1993 च्या कायद्याने कर्जवसुली न्यायाधिकरणं सुरू झाली होती, पण वसुलीचा वेग काही वाढला नव्हता. तेव्हा ज्याला सगळे सरफेसी म्हणतात तो कायदा आला. त्याने बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. कर्जदाराला 60 दिवसांची नोटीस द्यायची, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर ताबा. कोणी अडवलं तर मुंबईत मुख्य महानगर दंडाधिकारी आणि जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी पोलिसांसह मदत करणार. कायदा लिहिताना डोळ्यांपुढे दोनच माणसं होती, बँक आणि कर्जदार. तिसरं माणूस, म्हणजे आत राहणारं, जवळजवळ विसरलंच गेलं. भाडेकरूचा उल्लेख येतो तोही असा, की 60 दिवसांची नोटीस मिळाल्यावर कर्जदाराने बँकेच्या संमतीवाचून घर भाड्याने द्यायचं नाही.

झालं असं, की वर्षानुवर्षं भाडं भरणाऱ्यांच्या दारात पोलीस उभे राहू लागले. दुसऱ्या बाजूला कर्जबुडव्यांनीही शक्कल लढवली. नोटीस आली की मेव्हण्याला किंवा पुतण्याला भाडेकरू म्हणून उभं करायचं, मागच्या तारखेच्या पावत्या फाडायच्या आणि ताबा अडवायचा. बँका सगळ्याच भाडेकरूंकडे संशयाने पाहायच्या, त्याचं कारण हे. खोट्या भाडेकरूंनी खऱ्यांचं केलेलं नुकसान मला बँकेने केलेल्या नुकसानाएवढंच मोठं वाटतं.

मुंबईतले असे काही भाडेकरू सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हर्षद सोंडागर यांच्या नावाने ओळखला जाणारा निकाल 3 एप्रिल 2014 चा. न्यायालय म्हणालं, घर गहाण पडण्याआधीचा भाडेकरू असेल किंवा नंतरचा पण 65 अ च्या अटीत बसणारा असेल, तर बँक त्याला मालकाबरोबर बाहेर काढू शकत नाही. दंडाधिकाऱ्याने आधी त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. पण एक वर्षाहून जास्त मुदतीचा हक्क सांगायचा असेल तर नोंदणी झालेला करार हवा.

ही नोंदणीची अट जुन्या भाडेकरूंना जाचक होती. आजोबांनी तोंडी बोलीवर घेतलेल्या खोलीचा नोंदणीकृत करार कुठून आणायचा? दोन वर्षांनी विशाल कलसारिया यांचा खटला आला. त्यात मुंबईच्या लघुवाद न्यायालयाने भाडेकरूच्या बाजूने मनाई हुकूम दिला होता आणि दंडाधिकारी म्हणत होते की तो बँकेला लागू नाही. 20 जानेवारी 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्याच्या भाडे कायद्याने दिलेलं संरक्षण सरफेसीने पुसलं जात नाही आणि करार नोंदलेला नाही एवढ्यावरून भाडेकरू बेकायदा ठरत नाही. भाडेपावती हासुद्धा पुरावा आहे. महाराष्ट्राच्या भाडे कायद्यात, जो 31 मार्च 2000 पासून लागू आहे, करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावरच टाकलेली आहे. त्याने नोंदवला नाही तर त्यालाच शिक्षा आहे.

त्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून संसदेने सरफेसी बदलला. भाडेकरूला आता कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे जाऊन आपला हक्क मांडता येतो, बँकेच्या कारवाईपासून 45 दिवसांच्या आत. आपल्याकडे ही न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. गडचिरोलीच्या बाईने 45 दिवसांत वकील गाठून नागपूर गाठायचं, हे लिहिणाऱ्यांना सोपं वाटलं असावं.

मग 11 सप्टेंबर 2019 ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पुन्हा दोरी आवळली. तोही मुंबईचाच खटला, बजरंग अगरवाल यांचा. जुनी तोंडी भाडेकरी आहे असं म्हणणं होतं, पण पुरावे न्यायालयाला पटले नाहीत. गहाणाआधीची खरी भाडेकरी सुरक्षित, हे या निकालानेही मानलं. मात्र नोंदणी नसेल तर एक वर्षापलीकडे ताबा सांगता येणार नाही, असंही म्हटलं. तेव्हापासून पुराव्याचं ओझं भाडेकरूच्याच डोक्यावर आहे.

हाच पेच अमेरिकेतही पडला होता. 2008 मध्ये घरकर्जं बुडाली तेव्हा भाडं वेळेवर भरणाऱ्या कुटुंबांचं सामान फुटपाथवर येऊ लागलं. शिकागोच्या कुक काउंटीचे शेरीफ टॉम डार्ट यांनी त्या ऑक्टोबरात अशी घरं रिकामी करायला आपले शिपाई पाठवायचंच थांबवलं. मे 2009 मध्ये तिथे कायदा झाला: भाडेकरूला किमान 90 दिवसांची नोटीस द्यायची आणि करार खरा असेल तर बहुतेक वेळा त्याची मुदत संपेपर्यंत राहू द्यायचं. 2014 अखेर तो संपला आणि 2018 मध्ये कायमचा केला गेला. आपल्याकडे भाडेकरूसाठी अशी ठरलेली दिवसांची सवलत नाही.

आता राहिल्या आपल्यासारख्या, अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या. आजपर्यंत सांगितलेलं सगळं भाडेकरूंचं. लायसन्सवाला कायद्याने भाडेकरूच नाही. 1973 मध्ये एकदा सरकारने दया दाखवली होती: 1 फेब्रुवारी 1973 ला जे लायसन्सवर राहत होते त्यांना भाडेकरू मानलं गेलं. तसं पुन्हा झालं नाही. मालमत्ता दुसऱ्याकडे गेली की लायसन्स नव्या मालकावर बंधनकारक नसतं, हे 1882 पासूनच्या कायद्यात लिहिलेलं आहे.

आमच्या एका गटातली बाई अशीच राहत होती. महिन्याचं भाडं नको म्हणून तिने गटाचं कर्ज आणि मंगळसूत्र मोडून आलेले पैसे मिळून मालकाला हेवी डिपॉझिट दिलं होतं. दाराला नोटीस लागली तेव्हा मालकाचा फोन बंद होता. बँकेच्या माणसाने नीट सांगितलं, बाई, तुमचे पैसे आमच्याकडे आलेलेच नाहीत. ते खरंच होतं. डिपॉझिटची वसुली मालकाकडून, वेगळा दावा लावून करायची असते. तिच्या करारात डिपॉझिटचा आकडाही पूर्ण लिहिलेला नव्हता. मुद्रांक वाचवायला अर्धाच घातला होता.

त्यानंतर आमच्या गटांत घर घेताना तीन गोष्टी विचारायची पद्धत पडली आहे: घरावर कर्ज आहे का, असेल तर भाड्याने द्यायला बँकेचं लेखी पत्र आहे का, आणि डिपॉझिट चेकने देता येईल का. तारणांची केंद्रीय नोंदवही, जिला सेरसाय म्हणतात, तिच्यात थोडी फी भरून कोणालाही शोध घेता येतो. मालक चिडतात. एकाने तर घर द्यायलाच नकार दिला. दुसरं मिळायला दोन महिने गेले, पण बाई म्हणाली चालेल.