हस्तिदंत आणि हाड

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तेर आज धाराशिव जिल्ह्यात असले तरी १९८२ पर्यंत लातूर आणि तेरचा जिल्हा एकच होता. तेरणेचे पाणी अजूनही लातूरच्या शिवारातून मांजरेला मिळते आणि पुढे नांदेडकडे जाते.

या मूर्तीची सख्खी बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत सापडली. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेले ते नगर. तिच्या डोक्यातून आत भोक पाडलेले आहे. आधी अभ्यासकांनी तिला आरशाची मूठ म्हटले, पुढे तिवईचा पाय ठरवले. काहीही माना, मूर्ती एकटी नव्हती. दंतकाराचे काम संपले की धातू ओतणारा नाहीतर लाकूड घडवणारा पुढे येत होता. आपण जिला कलाकृती म्हणतो ती अशी अनेक पदार्थांची आणि अनेक हातांची जोडणी असते.

तेरचे, म्हणजे जुन्या तगराचे, कापड गाड्यांतून भडोचला जात होते, असे पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात नोंदले आहे. विणणारे कोण, गाड्या हाकणारे कोण, याची त्या व्यापाऱ्याला गरज नव्हती. आमच्या इतिहासकारांना तरी कितीशी वाटली?

मला प्रश्न पडतो तो वेगळाच. हस्तिदंत म्हणजे तरी काय? जनावराचा दातच ना! हत्तीचा दात कोरला की तो राजवाड्यात पोचतो. मेलेला बैल ओढून नेणारा, त्याचे कातडे सोलणारा, हाडे गोळा करणारा मात्र गावकुसाबाहेर. विटाळ पदार्थात असता तर या मूर्तीलाही काचेच्या कपाटात जागा मिळाली नसती. तो माणसाला चिकटवलेला होता. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडा म्हणून सांगितले, ते याच हिशेबाने.

सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी, हे कोरीव काम आम्ही केले, असे दगडात लिहून ठेवले आहे. राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचेही नाव त्याच तोरणावर आहे. बौद्ध स्तूपाच्या दारावर कारागिराला नाव लिहायला जागा मिळाली. स्तूप तेरलाही होता. उत्खननात त्याचे विटांचे अवशेष निघाले. तेरच्या मूर्तीचा दंतकार मात्र अनाम आहे, आणि संग्रहालयाला नाव आहे ते वस्तू गोळा करणाऱ्याचे.