शब्दाचा सांचा आणि मराठवाड्याचें दप्तर



इतिहासाच्या अभ्यासकाचें निम्में आयुष्य नांवें शोधण्यांत जातें, आणि हीं नांवें जुन्या कागदांत एकाच रूपानें क्वचित् भेटतात. नांदेड व लातूर हींच दोन नांवें घ्या. राष्ट्रकूटांच्या कोरीव लेखांत त्यांचें ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ असें बिरुद येतें. हें लत्तलूर म्हणजेच आपलें लातूर, असें बहुतेक अभ्यासक मानतात. नांदेडचें रूपांतर याहून अलीकडचें. १९०८ सालच्या इंपीरिअल गॅझेटिअरमध्यें तें ‘नांदेर’ असें छापलेलें आहे, कारण आपल्या ‘ड’साठीं इंग्रज लेखकांनीं रोमन लिपींतील ‘र’चें अक्षर योजिलें. गांव तेंच आहे, हें वाचणारा माणूस ओळखतो. यंत्राला मात्र तें सांगावें लागतें. तें सांगण्याची जी एक छोटी भाषा गेल्या पाऊणशें वर्षांत घडली, तिचा इतिहास व उपयोग आज आपल्यापुढें ठेवावयाचा आहे. इंग्रजींत तिला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. आपण ‘शब्दाचा सांचा’ म्हणूं.

या भाषेचा उगम संगणकांत नसून मेंदूच्या अभ्यासांत आहे. १९४३ सालीं वॉरन मॅक्कलक व वॉल्टर पिट्स या अमेरिकन संशोधकांनीं मज्जापेशींच्या जाळ्याचें गणिती चित्र मांडलें. अशा जाळ्याला कोणत्या घटना ओळखतां येतील, हा प्रश्न गणिती स्टीफन क्लेनी यांनीं १९५१ सालीं हातीं घेतला. त्यांस आढळलें कीं, तीन क्रिया पुरेशा आहेत: एकामागून एक येणें, दोहोंपैकीं एक असणें, आणि तीच गोष्ट एकदांही न येणें किंवा कितीही वेळां येणें. त्यांचा हा निबंध १९५६ सालीं प्रसिद्ध झाला. १९६८ सालीं केन थॉम्पसन यांनीं हाच विचार मजकुराच्या शोधाकडे वळविला आणि सांच्यावरून शोध घेणारें यंत्र कसें बांधावें, हें दाखवून दिलें. पुढें १९७३ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंतील ली मॅक्महॉन यांना अमेरिकेच्या राज्यघटनेसंबंधींच्या ८५ ‘फेडरलिस्ट’ निबंधांचा अभ्यास करावयाचा होता. हे निबंध १७८७-८८ मधील. त्यांपैकीं कांहींचा लेखक कोण, हा जुना वाद. तेवढा मजकूर तेव्हांच्या संपादन-साधनांत मावेना, म्हणून थॉम्पसन यांनीं ‘ग्रेप’ हें स्वतंत्र शोधसाधन करून दिलें. या साधनाच्या जन्माशीं इतिहासाचाच एक प्रश्न निगडित होता, ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां सांच्याची रीत पाहूं. या लेखांत ‘नांव’ हा शब्द जुन्या वळणानें अनुस्वारासह लिहिला आहे. १९६२ च्या लेखननियमांनीं असे अनुच्चारित अनुस्वार गाळले, म्हणून नव्या पुस्तकांत ‘नाव’ दिसतो. दोन्ही एकदम शोधावयाचे तर सांचा असा: नां?व. प्रश्नचिन्हाचा अर्थ, त्याच्या लगत मागचें चिन्ह असो वा नसो. येथें मागचें चिन्ह म्हणजे केवळ अनुस्वार. कारण यंत्र ‘नां’ हें अक्षर न, काना आणि अनुस्वार अशा तीन चिन्हांनीं साठवितें. चौकोनी कंसांतील चिन्हांपैकीं कोणतेंही एक चालतें. म्हणून नांदे[डर] हा सांचा नांदेड व नांदेर दोन्ही पकडतो. गोल कंसांत उभ्या रेघेनें पर्याय देतां येतात. ना(ं|न्)दे[डर] असें लिहिलें कीं ‘नान्देड’सकट चार रूपें एका ओळींत सामावतात.

मराठींत एक विशेष अडचण आहे. ‘लातूर’ शोधणारास ‘लातुरात’ हें रूप सांपडणार नाहीं, कारण सामान्यरूपांत उपान्त्य ऊकार ऱ्हस्व होतो. तेव्हां दोन्ही उकारांस जागा ठेवावी लागते: लात(ू|ु)र. शिवाय आपले प्रत्यय शब्दाला जोडून येतात. ‘शब्द येथेंच संपला पाहिजे’ अशी अट घातली, तर ‘नांदेडहून’ आणि ‘नांदेडच्या’ निसटतात. न घातली, तर ‘नांदेडकर’ हें आडनांवही हातीं येतें. कोणती चूक परवडेल, हें शोधणारानेंच ठरवावयाचें असतें.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. तेथील सरकारी कारभार उर्दूंत चाले आणि पुष्कळ जुने कागद मोडींत आहेत. २०२३ च्या सप्टेंबरमध्यें राज्य सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली. निजामकालीन कागदांत ‘कुणबी’ अशी नोंद असलेल्या मराठा कुटुंबांस दाखले कसे द्यावे, हें तिला ठरवावयाचें होतें. अशा दाखल्यावर एखाद्या मुलाचा प्रवेश किंवा नोकरी अवलंबून असते. आणि दाखला पणजोबांच्या नांवापुढील एका शब्दावर! आतां उर्दूंत ऱ्हस्व उकार बहुधा लिहीत नाहींत आणि ‘ण’च्या जागीं ‘न’ येतो. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद बहुधा पाळीत नाहींत. उर्दू नोंद देवनागरींत उतरवितांना एक लेखनिक ‘कनबी’ लिहील, दुसरा ‘कुनबी’, तिसरा ‘कुणबी’. अशा उतरवलेल्या याद्या शोधतांना कु?[णन]बी हा सांचा चारही संभाव्य रूपें एकदम दाखवील.

परंतु येथेंच सावधगिरी हवी. त्या चारांतलें ‘कणबी’ हें रूप गुजरातेंतील शेतकरी समाजाचेंही नांव आहे. सांचा आकार ओळखतो, अर्थ ओळखीत नाहीं. सांपडलेली प्रत्येक ओळ जाणत्या माणसानें मूळ कागदाशीं ताडून पाहिली पाहिजे. तसेंच, जो कागद कोणीं वाचून उतरविलाच नाहीं, त्यावर सांचा चालत नाहीं. म्हणून उर्दू व मोडी वाचणारांची गरज या साधनानें कमी होत नाहीं, उलट वाढते.

आणखी एक धोका सांच्याच्या रचनेचा आहे. पुनरावृत्तीच्या खुणा अविचारानें लागोपाठ घातल्या, तर कांहीं पद्धतींत यंत्र असंख्य वाटा चाचपडत बसतें. २ जुलै २०१९ रोजीं क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या यंत्रणेंत अशाच एका सांच्यामुळें जगभरचीं असंख्य संकेतस्थळें सुमारें २७ मिनिटें बंद पडलीं. थॉम्पसन यांच्या १९६८ च्या पद्धतींत हा दोष नव्हता. पुढील अनेक साधनांनीं सोयीसाठीं दुसरी वाट धरली.

ज्यांच्या घरीं मुलें संगणकाचें शिक्षण घेत आहेत, त्यांनीं एवढें करून पाहावें. आपल्या आडनांवाचीं आणि मूळ गांवाचीं जितकीं रूपें जुन्या खरेदीखतांत, शाळेच्या दाखल्यांत व पत्रांत आढळतील, तितकीं वहींत उतरावीं. मग मुलाला त्या सर्वांस पुरेल असा एक सांचा करावयास सांगावें, आणि तो नको त्या शब्दांनाही पकडतो कां, हें दोघांनीं मिळून तपासावें. पोराला सांच्याची भाषा येईल आणि घराला आपला इतिहास. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.