तंजावरचा श्वार्ट्झ पाद्री

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापिलेल्या तंजावरच्या मराठी राज्याची आठवण आपण सरस्वती महाल, संगीत आणि देवालये यांच्या वैभवामुळे जपतो. परंतु त्याच राज्याच्या अत्यंत हलाखीच्या काळात, ईश्वरावर भार टाकून जगणे म्हणजे काय याचा जो प्रत्यय तेथील अल्पसंख्य ख्रिस्ती मंडळीला आला, त्याची विचारपूस मराठी वाचकाने क्वचितच केली आहे.

तुळजाजी राजांचा काळ हा विपत्तींचा काळ होता. 1773 साली अर्काटच्या नबाबाने इंग्रजी फौजेच्या बळावर तंजावर घेऊन राजाला कैदेत टाकले. 1776 मध्ये गादी परत मिळाली खरी, पण खजिना रिता झाला आणि रयतेचा सरकारवरील भरवसा उडाला तो उडालाच. प्रशियात 1726 साली जन्मलेला आणि 1750 मध्ये तरंगंबाडीच्या डॅनिश वखारीत उतरलेला ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा पाद्री 1778 च्या सुमारास तंजावरात कायमचा राहू लागला, तो अशा वेळी. तमिळ त्याला आधीच अवगत होती. दरबारात राजाशी मध्यस्थावाचून बोलता यावे म्हणून तो मराठीही शिकला.

पुढे हैदर अलीच्या स्वारीने कावेरीकाठचा मुलूख उजाड झाला, गुरे गेली, शेते ओस पडली आणि किल्ल्याच्या आश्रयाला आलेली माणसे रस्त्यावर अन्नावाचून मरू लागली. गावोगावी धान्य शिल्लक होते, पण ते वाहून आणण्यास बैल नव्हते. आणि ज्यांच्याजवळ बैल होते ते कुळवाडी, पूर्वी सरकारात दिलेल्या मालाचे दाम कधी हाती न पडल्यामुळे, हुकुमाला किंवा विनवणीला दाद देईनात. तेव्हा, आपली व इंग्रजांची दोघांचीही पत गेली आहे, आता लोक पाद्रीवर तरी विश्वास टाकतात की काय ते पाहावे, असे म्हणून राजाने करार करण्याचा अखत्यार श्वार्ट्झकडे सोपविला. त्याने पै न पै चुकती करण्याचा शब्द दिला आणि एकदोन दिवसांत हजार बैल उभे राहिले. त्यांच्या पाठीवरून 80,000 कलमांहून (कलम हे तिकडचे धान्यमाप) अधिक धान्य किल्ल्यात आले, आणि दिलेला शब्द त्याने पाळला.

या प्रसंगाचा विचार करताना मला वाटते ते असे की, देवावरील निष्ठा ही संकटात हात जोडून स्वस्थ बसण्याची वृत्ती नव्हे, हे या माणसाने आचरणाने दाखविले. तांदूळ स्वस्त असतानाच त्याने तो विकत घेऊन ठेवला होता, आणि महागाईच्या महिन्यांत उपाशी माणसांना त्याच साठ्यातून तो अन्न देत राहिला. 1779 मध्ये मद्रासच्या सरकारने त्याला हैदराकडे श्रीरंगपट्टणास वकील म्हणून धाडले असता, हैदराने वाटखर्चास दिलेले 300 रुपयेही त्याने स्वतःजवळ न ठेवता सरकारच्या स्वाधीन केले, आणि पुढे ती रक्कम तंजावरच्या पोरक्या मुलांच्या शाळेस लावली. ज्याला उद्याची चिंता देवावर टाकता येते त्यालाच असा हात रिकामा ठेवणे जमते. ईस्ट इंडिया कंपनीच्या धोरणाला या सज्जनाचा उपयोग झाला हेही खरे, आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण पुढे जाचक वसुलीमुळे परागंदा झालेली 7,000 रयत त्याच्या शब्दावर आपल्या जमिनींकडे परतली, ती कंपनीच्या धाकाने नव्हे.

याच श्रद्धेची अधिक कठीण कसोटी एका मराठी स्त्रीने दिली आहे. तंजावरची ही ब्राह्मण विधवा पाळयंकोट्टैस लिटलटन नावाच्या इंग्रज अंमलदाराजवळ राहत असे. तिने बाप्तिस्मा मागितला, पण विवाहबंधनाविना चाललेल्या त्या संसारामुळे श्वार्ट्झने तो नाकारला. हा नकार कठोर होता, असे माझे मत आहे. तथापि जातीने टाकलेली आणि मंडळीनेही दाराबाहेर ठेवलेली ही बाई मागे फिरली नाही. लिटलटनच्या मृत्यूनंतर 1778 मध्ये श्वार्ट्झनेच तिला क्लॅरिंडा या नावाने बाप्तिस्मा दिला, आणि तिने बांधविलेल्या प्रार्थनामंदिराचे समर्पण 1785 साली त्याच्याच हस्ते झाले. तिरुनेलवेलीच्या विशाल ख्रिस्ती समाजाचा आरंभ तिच्यापासून धरतात, आणि ते मंदिर तेथील लोक आजही ब्राह्मण बाईचे देऊळ म्हणूनच ओळखतात.

13 फेब्रुवारी 1798 रोजी श्वार्ट्झ वारला. तुळजाजींनी मरणापूर्वी ज्याला त्याच्या ओटीत घातले होते ते दत्तक पुत्र सरफोजी त्याच वर्षी गादीवर बसले, आणि स्वतः अखेरपर्यंत शिवभक्त राहूनही त्यांनी आपल्या या पालकाचे संगमरवरी स्मारक लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून करवून घेतले. मृत्युशय्येवरील पाद्रीचा निरोप घेणारा मराठी राजा त्यावर कोरलेला आहे. बृहदीश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंनी जवळच्या शिवगंगा बागेतील त्या चर्चमध्येही घटकाभर जावे, अशी माझी विनंती आहे.