विम्याची पाटी आणि बूटवाला माणूस

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवता उतरवता एका हमालाने भिंतीवरच्या विम्याच्या पाटीकडे बोट करून आम्हांला विचारले होते, "दादा, इमा बूटवाल्यांचाच असतोय व्हय?" पाटीवरच्या गृहस्थाच्या पायांत खरोखरच बूट होते. त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. पण संघटनेचे काम करणाऱ्याला असे प्रश्न टाळता येत नाहीत. म्हणून या पाट्यांचा इतिहास आम्ही हाती घेतला.

एकोणिसाव्या शतकात विलायती कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवताना जादा हप्ता घेत. १८७० च्या 'बॉम्बे म्युच्युअल'ने हा भेद मोडला. १८७४ साली मुंबईतच 'ओरिएंटल' निघाली. तरी खरी अडचण पुढेच होती. घरधन्याच्या मरणाची गोष्ट त्याच्याच ओसरीवर बसून बोलायची कशी? ते अभद्र! जाहिरातदारांनी तोड काढली ती कॅलेंडराची. वर लक्ष्मीचे किंवा कृष्णाचे चित्र, खाली कंपनीचे नाव. साल उलटले की तारखांचा गठ्ठा जाई, चित्र मात्र चौकटीत बसून देवघराशेजारी राही. देवाच्या आडून विमा घरात शिरला, असे म्हटले तर देवाने रागावू नये.

आपल्या भागात हे वारे स्वदेशीच्या काळात आले. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली साताऱ्यात 'वेस्टर्न इंडिया लाईफ इन्शुरन्स कंपनी' काढली. पुढे १९३६ साली 'युनायटेड वेस्टर्न बँक' स्थापली तीही त्यांनीच. मुंबई-कलकत्त्याच्या कंपन्यांना चित्रे छापावी लागत. इथे 'सातारा' हा शब्दच निम्मी जाहिरात होता. पैसा कुठे आहे, हे माणसाला चालत जाऊन पाहता येत होते. इकडे किर्लोस्करवाडीत, चित्रकला शिकून आलेले शंकरराव किर्लोस्कर नांगराच्या जाहिराती करीत होते आणि १९२० पासून 'किर्लोस्कर खबर' काढीत होते. जाहिरात वाचायची असते, नुसती पाहायची नसते, ही सवय या मुलखाला लावण्यात त्यांचा वाटा मोठा.

विम्याच्या चित्राचा विषय मात्र ठरलेला. पांढरपेशा कर्ता पुरुष, त्याची पत्नी, दोन मुले. नाहीतर तो गेल्यावर उघडे पडलेले कुटुंब. बाई चित्रात हटकून असे, पण पैसे घेणारी म्हणून. तिचे स्वतःचे आयुष्य विम्याच्या लायकीचे, असे चित्र क्वचितच. आणि हे नुसते चित्रकाराचे खूळ नव्हते. स्वतःची कमाई नसलेल्या स्त्रीचा विमा उतरवताना आयुर्विमा महामंडळानेही दीर्घकाळ निराळ्या अटी ठेवल्या. रांधणारी, शेतात राबणारी बाई हिशेबात 'बिनकमाईची' ठरली!

महामंडळ आले ते १९५६ साली. विमा कर्मचाऱ्यांच्या अखिल भारतीय संघटनेने १९५१ पासून ही मागणी लावून धरली होती. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून घोषणा केली आणि १ सप्टेंबरला २४५ कंपन्या व संस्था एकत्र झाल्या; साताऱ्याची कंपनीही त्यांतच. पाट्यांवर ज्योतीला आडोसा देणारे दोन हात आले. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलावर वाढलेल्या मुलखाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसणार.

खाजगी कंपन्या २००० नंतर परतल्या, तेव्हा जाहिरातीतले मरण मागे पडून हसरे म्हातारपण पुढे आले. तळाशी 'बीमा आग्रह की विषयवस्तु है' हे सक्तीचे वाक्य. हे मराठी नाही, हिंदी म्हणावे तर हिंदीभाषकालाही कोडेच.

पण कोणत्याही काळच्या पाटीवर एक चित्र आम्ही पाहिले नाही : बंद पडलेल्या पॉलिसीचे. हमालाला हंगामात रोकड असते, पावसाळ्यात नसते. हप्ता मात्र ऋतू पाहत नाही. पूर्वी तीन वर्षे पुरी होण्याआधी हप्ता थांबला की भरलेले पैसेही जात. आमच्या यार्डात असे कितीजण निघाले! बूट नसलेल्या माणसाला विमा मिळत नव्हता असे नाही, टिकत नव्हता.

त्या हमालाने २०१५ ची पंतप्रधान जीवन ज्योती योजना घेतली. दोन लाखांचा विमा, वर्षाला ३३० रुपये. २०२२ पासून ४३६. रक्कम मे महिन्याच्या अखेरीस बँक खात्यातून आपोआप कापते, खाते रिकामे असेल तर विमा खंडित. म्हणून दर मे महिन्यात आम्ही यार्डात फिरतो आणि एकेकाला विचारतो, "खात्यात पैसे ठेवलेस का रे?"