बेदाण्याचा ई-व्यापार आणि समान परिभाषा

जत तालुक्यातील द्राक्ष बागायतदार ज्याला ‘बेदाणा’ म्हणतो, त्यालाच अन्यत्र ‘किसमिस’ म्हणतात. दोन्ही एकच, हे संगणकाला मात्र सांगावे लागते. संज्ञा व त्यांचे परस्परसंबंध निश्चित करणाऱ्या अशा मांडणीस ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. १९८८ पासून लागू असलेल्या जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणात ताज्या द्राक्षांचा संकेतांक ०८०६१०, तर सुक्या द्राक्षांचा ०८०६२० आहे. त्यातून रंग, आकार वा ओलावा कळत नाही. त्यासाठी प्रतवारीची प्रमाणके लागतात. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय कृषी बाजारात शेतमालाच्या गुणवत्तेचे समान निकष त्यासाठीच ठरविण्यात आले. माल न पाहता बोली लावणारा दूरचा व्यापारी आणि उत्पादक यांनी ‘हिरवा बेदाणा’ याचा अर्थ एकच घेतला, तरच ठरलेला दर शेतकऱ्याच्या पदरी पडेल.