नगरच्या इंग्रजी वर्गाची पूर्वपीठिका

बारावीच्या वर्गातील विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसतो आणि प्रश्न विचारताच शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, ही अहिल्यानगर जिल्ह्यातील शिक्षकांची तक्रार आजची वाटत असली, तरी तिचे मूळ ज्या व्यवस्थेत आहे ती शतकाहून अधिक जुनी आहे.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे दिले, आणि सिंथिया फॅरारबाईंच्या ज्या कन्याशाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, त्या याच शहरातल्या. परंतु १८५४ च्या अखेरीस या मिशनकडे बोस्टनहून आलेल्या शिष्टमंडळाचे प्रमुख रुफस अँडरसन यांनी, इंग्रजी शिकलेला तरुण आपल्या लोकांपासून दुरावतो व नोकरीमागे धावतो, अशा धारणेने देशी भाषेतील शिक्षणाचा आग्रह धरला. इंग्रजी आवरती घ्यावी हा त्यांचा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. निरीक्षण मात्र खोटे म्हणवत नाही. कारण १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन पुढे मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली, तेव्हापासून इंग्रजी ही सरकारदरबारी प्रवेश मिळवून देणारी सनद ठरली, आणि मामलेदार कचेरीतील कारकुनीची आशा हाच पुष्कळ मुलांच्या अभ्यासाचा आधार बनला.

वर्गातील रीतही त्या हेतूला साजेशी होती. फळ्यावर मराठी वाक्य लिहावे, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतील नियम लावून मुलांनी त्याचे इंग्रजी करावे, चुकलेले क्रियापद पुन्हा घोकावे; या शिस्तीने व्याकरण पक्के झाले, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल, पण वाक्यात काय सांगितले आहे याची उत्कंठा तिने क्वचितच जागवली. पुढे पाठमालेची जागा गाईडने आणि अपेक्षित प्रश्नसंचाने घेतली. कारकुनीची आशा मावळली, इंग्रजी मात्र बारावीला सक्तीचीच राहिली. आणि ज्याचे आईबाप पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला गेले आहेत, त्या मुलापुढे उत्तीर्ण होण्यापुरत्या गुणांखेरीज दुसरे प्रयोजन कोणी ठेवलेच नाही. त्याला आळशी म्हणणे हा अन्याय आहे.

प्रयोजन दूर शोधावे लागत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये नगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध झालेल्या जवाहरलाल नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत आपला ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ तेथेच इंग्रजीतून लिहिला. ज्या तटामागे तो ग्रंथ झाला तो तट या जिल्ह्यातील मुलांना एस.टी.च्या एका फेरीत पाहता येतो. शिक्षकांनी त्या ग्रंथातील, तुरुंगाचे वर्णन करणारी, दोन-चार पाने आधी वर्गात वाचावी, अडेल तेथे निःसंकोच मराठीत बोलू द्यावे, मग मुलांना किल्ल्यावर नेऊन जे दिसेल ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहावयास सांगावे, आणि त्या लेखनाला निदान पहिल्या खेपेस गुण देऊ नयेत.