क्लबने गाळलेली पानं

१ मार्च १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ‘हार्पर अँड ब्रदर्स’ने ‘नेटिव्ह सन’ ही कादंबरी बाजारात आणली. लेखक रिचर्ड राइट, वय ३१. मिसिसिपीत दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय बापाचा मुलगा, शिक्षण जेमतेम नववीपर्यंत. तीन आठवड्यांत पुस्तकाच्या २,१५,००० प्रती खपल्या.

या खपामागे मोठा हात होता ‘बुक-ऑफ-द-मंथ क्लब’चा. १९२६ मध्ये सुरू झालेला हा क्लब दर महिन्याला एक पुस्तक निवडायचा आणि सभासदांना पोस्टाने पाठवायचा. नको असेल तर तसं वेळेत कळवायचं. नाही कळवलं तर पुस्तक दारात हजर. आपल्या फोनवर आपोआप रिन्यू होणाऱ्या सबस्क्रिप्शनचे हे आजोबाच म्हणायचे. कृष्णवर्णीय लेखकाचं पुस्तक क्लबने निवडण्याची ही पहिलीच वेळ होती.

पण क्लबने कादंबरी जशीच्या तशी घेतली नव्हती. १९३९ मध्येच तिची प्रुफं तयार होती. परीक्षकांना ती आवडली, पण काही भाग खटकले. हार्परचे संपादक एडवर्ड अ‍ॅस्वेल यांनी राइटला तसं कळवलं, राइटने बदल करून दिले आणि प्रकाशन पुढच्या वर्षावर गेलं. मूळ मजकूर छापून आला तो थेट १९९१ मध्ये, ‘लायब्ररी ऑफ अमेरिका’च्या आवृत्तीत. तोवर राइटला जाऊन तीसएक वर्षं झाली होती.

आम्हाला हे कळलं ते योगायोगाने. आम्ही सहा जण एकाच इंजिनिअरिंग कॉलेजचे. चार पुण्यात, एक बंगलोरला, एक जर्मनीत. शनिवारी रात्री व्हिडिओ कॉलवर आठवड्याची तीसेक पानं वाचायची आणि बोलायचं, एवढाच नियम. पाच जण फोनवर नाहीतर किंडलवर वाचत होते. बंगलोरवाल्याकडे मात्र फुटपाथवरून घेतलेली जुनी, पिवळी पडलेली प्रत होती. थिएटरच्या प्रसंगावर बोलणं सुरू झालं तेव्हा तो म्हणाला, “हे तुम्ही कुठलं बोलताय? माझ्या पुस्तकात हे नाहीच.” प्रोग्रॅमर लोकांना दोन व्हर्जन दिसली की डिफ काढल्याशिवाय चैन पडत नाही. पुढचे दोन शनिवार आम्ही कादंबरी कमी आणि तिच्यातला फरक जास्त वाचला.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बिगर थॉमस हा वीस वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. शिकागोच्या साउथ साइड भागात आई, बहीण आणि भावाबरोबर एका खोलीत राहतो. कादंबरी सुरू होते तीच त्या खोलीत उंदीर मारण्यापासून. त्याला डाल्टन नावाच्या गोऱ्या श्रीमंताकडे ड्रायव्हरची नोकरी लागते. पहिल्याच रात्री डाल्टनची मुलगी मेरी इतकी पिते की तिला उचलून तिच्या खोलीत न्यावं लागतं. तेवढ्यात तिची आंधळी आई दारात येते. मेरीने आवाज केला तर आपण सापडू, या भीतीने बिगर तिच्या तोंडावर उशी दाबतो. आई जाते तेव्हा मेरी मेलेली असते.

मूळ मजकुरात बिगर मेरीला भेटण्याआधीच पडद्यावर पाहतो. थिएटरात न्यूजरील लागते, तिच्यात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मजा करणारी मेरी दिसते, आणि बिगर आणि त्याचा मित्र अंधारात बसून जे करतात ते कुठल्याही क्लबच्या परीक्षकाला घाम फोडणारंच होतं. हा भाग गेला आणि त्याबरोबर न्यूजरीलही गेली. शयनगृहाच्या प्रसंगात मेरीची स्वतःची जी ओढ होती, तीही पुसट झाली. अश्लीलता काढली असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. गोऱ्या बाईकडे नुसतं पाहिलं या आरोपावरून जमाव काळ्या पुरुषाला झाडाला लटकवू शकत होता, त्या देशातली ही कादंबरी आहे. उशीवर जो दाब पडतो तो या भीतीचा. मेरीची इच्छा आणि बिगरची नजर दोन्ही काढली, की मारणारा हात तेवढा उरतो.

ही भीती राइटने कल्पनेतून आणलेली नव्हती. कादंबरीचं काम चालू असताना, मे १९३८ मध्ये, शिकागोत रॉबर्ट निक्सन या कृष्णवर्णीय तरुणाला एका गोऱ्या बाईच्या खुनाबद्दल अटक झाली. राइट तेव्हा न्यूयॉर्कला होता. त्याच्या सांगण्यावरून शिकागोतली त्याची मैत्रीण, कवयित्री मार्गारेट वॉकर, हिने त्याला वर्तमानपत्रांची कात्रणं पाठवली. निक्सनचं वर्णन माणसाचं नाही, जनावराचं वाटावं अशी भाषा होती त्यांत. १९३९ मध्ये त्याला विजेच्या खुर्चीत बसवलं गेलं. कादंबरीतल्या बातम्या वाचून आमच्यातला एक जण म्हणाला होता की इथे लेखकाने जरा जास्तच मीठमसाला लावलाय. तो या कात्रणांतून आलेला आहे.

खरी वादावादी झाली ती डाल्टनवरून. त्याने काळ्या लोकांच्या शिक्षणासाठी पन्नास लाख डॉलरहून जास्त दान दिलंय. साउथ साइडच्या मुलांच्या क्लबला तो पिंग-पाँगची टेबलं पाठवतो. बिगरला नोकरी देतो तीही मदत म्हणून. आणि ज्या उंदराच्या खोलीत बिगर राहतो, ती ज्या कंपनीच्या मालकीची आहे, तिच्यात मोठा हिस्सा याच डाल्टनचा. खोलीचं भाडं आठवड्याला आठ डॉलर. मृत्यूच्या चौकशीच्या वेळी बिगरचा वकील मॅक्स त्याला विचारतो की गोऱ्यांच्या वस्तीत काळ्यांना घर का देत नाही, आणि भाडं जास्त का. डाल्टनकडे उत्तरं तयार आहेत. रिवाजच तसा आहे. त्यांना आपल्या लोकांतच बरं वाटतं. घरं कमी आहेत म्हणून भाडं चढतं, आणि आपण भाडं कमी केलं तर इतर मालकांशी ते अनैतिक होईल! हे सगळं तो शांतपणे, सभ्यपणे सांगतो.

त्या ‘रिवाजा’ला शिकागोत कागदपत्रांचा आधार होता. हे घर काळ्या माणसाला विकणार नाही, भाड्यानेही देणार नाही, असे करार घरमालक आपसांत करत आणि कोर्ट ते मानत असे. १९३७ मध्ये कार्ल हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने अशा वस्तीत घर घेतलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर १९४० मध्ये, म्हणजे ‘नेटिव्ह सन’च्याच वर्षी, ते जिंकले, पण तांत्रिक मुद्द्यावर. असे करार कोर्टाने अमलात आणायचे नाहीत, हे ठरायला १९४८ साल उजाडलं. कार्ल यांची मुलगी लॉरेन हॅन्सबेरी पुढे नाटककार झाली.

आमच्यात एकाच्या घरचे पुण्यात दोन फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. तो म्हणाला, “डाल्टन दांभिक असेल, पण घर कुणाला द्यायचं हा शेवटी मालकाचाच प्रश्न आहे ना?” कॉलवर काही सेकंद कुणीच बोललं नाही. आमच्यातल्या एका मैत्रिणीला पुण्यात भाड्याचं घर शोधताना तीन ठिकाणी आधी आडनाव विचारलं गेलं आणि मग ‘कालच गेला हो फ्लॅट’ असं सांगितलं गेलं होतं. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं, त्यालाही. सगळे तिच्याकडे, म्हणजे स्क्रीनवरच्या तिच्या चौकटीकडे बघत होते. ती म्हणाली, “माझ्याकडे काय बघताय? तुमची पुस्तकं वाचून झाली की शेवटी उदाहरण म्हणून मी. ते काम मला नकोय. त्यानेच सांगावं, त्याच्या फ्लॅटमध्ये आत्ता कोण राहतं आणि कुणाला नाही म्हटलं.”

त्याने सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी मात्र आला, आणि तीही आली. ते दोघं आता एकमेकांशी पूर्वीसारखं बोलतात का, तर नाही. पण वाचन थांबलेलं नाही.

आपल्याकडच्या वाचकाला या प्रकरणात बडोदा आठवल्याशिवाय राहत नाही. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात ते काठीवाल्यांबद्दल सांगतात, पण मला जास्त लागतात ते त्यानंतरचे दोन मित्र. एक हिंदू, एक ख्रिस्ती. पहिला म्हणतो, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणतो, बायकोला विचारावं लागेल. दोघंही वाईट माणसं नाहीत. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले.

‘नेटिव्ह सन’ही मित्रमंडळींतच लिहिली गेली. राइट तेव्हा ब्रुकलिनमध्ये हर्बर्ट आणि जेन न्यूटन या जोडप्याच्या घरी राहत होता. सकाळी फोर्ट ग्रीन पार्कमध्ये पिवळ्या कागदांचं पॅड घेऊन लिहायचा आणि घरी आला की जेनशी त्यावर बोलायचा. हर्बर्ट काळा, जेन गोरी आणि चांगल्या घरची. १९३४ मध्ये शिकागोत घरातून बाहेर काढण्याच्या प्रकरणात हे दोघं कोर्टासमोर आले, तेव्हा काळ्या माणसाबरोबर राहणारी ही गोरी बाई वेडी तर नाही ना, म्हणून न्यायाधीशाने तिची मानसिक तपासणी करायला लावली होती. डॉक्टरांनी ती शहाणी असल्याचा निर्वाळा दिला. राइटची पहिली श्रोती ही.

बिगर पुढे बेसीला, म्हणजे आपल्या काळ्या प्रेयसीलाही मारतो, आणि तो खून चुकून झालेला नाही. जेनचा त्याला विरोध होता. राइटने ऐकलं नाही, बेसीला मरावंच लागेल म्हणाला. आमच्याकडेही सगळ्यात जास्त राग याच पानांवर निघाला. राइट बेसीला पुरेसं माणूस होऊच देत नाही, हे जेनचं बाजूने मलाही म्हणावंसं वाटतं. पण चौकशीच्या वेळी तिचं प्रेत सगळ्यांसमोर आणलं जातं ते मेरीच्या खुनाचा पुरावा म्हणून. तिच्या स्वतःच्या खुनाचं कुणाला काही पडलेलं नाही, आणि हे बिगरलाही कळतं. तो प्रसंग वाचताना वाटतं की राइटला नक्की ठाऊक होतं तो काय दाखवतोय. दोन्ही खरं असू शकतं.

पुस्तकभर येणारा काळ्यांसाठीचा तो शिवीसारखा शब्द मोठ्याने वाचायचा की गाळायचा, यावरही आमचा एक अख्खा शनिवार गेला. शेवटी ज्याला जसं जमेल तसं, असं ठरलं. राइटला हा पर्याय नव्हता. तरुणपणी तो टेनेसीतल्या मेम्फिस शहरात कामाला होता, आणि तिथल्या सार्वजनिक वाचनालयातून काळ्या माणसाला पुस्तक मिळत नसे. त्याने एका गोऱ्या सहकाऱ्याचं कार्ड मिळवलं आणि त्याच्या नावाने खोटी चिठ्ठी लिहिली, की या पोऱ्याजवळ एच. एल. मेंकन यांची पुस्तकं द्यावीत. चिठ्ठी खरी वाटावी म्हणून त्यात स्वतःसाठी त्याने तोच शब्द वापरला. पुस्तकं मिळाली.

‘नेटिव्ह सन’ इतकी कडक का लिहिली, हे राइटने नंतर सांगितलं आहे. १९३८ मधला त्याचा कथासंग्रह वाचून बँकवाल्यांच्या मुली रडल्या आणि त्यांना बरं वाटलं, हे त्याला खुपलं. पुढचं पुस्तक असं लिहायचं की रडून मोकळं होण्याची सोय उरणार नाही, असं त्याने ठरवलं. आणि ते पुस्तक बाहेर आलं ते क्लबने तासून. सोबत परीक्षक डोरोथी कॅनफिल्ड फिशर यांची प्रस्तावना, तिची सुरुवात प्रयोगशाळेतल्या मेंढ्या आणि उंदीर यांच्यापासून! फिशरबाई मनापासून भलं चिंतणाऱ्या होत्या, यात मला शंका नाही. डाल्टनबद्दलही नाही.

१९४४ मध्ये राइटने आत्मचरित्र दिलं, तेव्हा हेच पुन्हा झालं. मूळ पुस्तकाचे दोन भाग होते: पहिला दक्षिणेतला, दुसरा शिकागोतला. क्लबला पहिलाच हवा होता. गोरे अमेरिकन ज्या आदर्शांवर विश्वास ठेवतात त्यांचं ऋण शेवटी कुठेतरी मान्य करावं, असं फिशरबाईंनी पत्रांतून सुचवलं. राइटने नवा शेवट लिहिला, पण जगायचं बळ मिळालं त्याचं श्रेय दिलं मुख्यतः पुस्तकांना. १९४५ मध्ये ते ‘ब्लॅक बॉय’ नावाने आलं आणि तुफान खपलं. दक्षिणेतल्या क्रूरपणावर पुस्तक संपत होतं आणि नायक गाडीत बसून उत्तरेकडे निघत होता. उत्तरेतल्या वाचकाला यापेक्षा सोयीचा शेवट कुठला? शिकागोचा भाग स्वतंत्र पुस्तक म्हणून १९७७ मध्ये आला, दोन्ही भाग एकत्र १९९१ मध्ये.

आम्ही आता तेच वाचायला घेतलंय. बंगलोरवाल्याला पुन्हा फुटपाथवर ‘ब्लॅक बॉय’ची जुनी प्रत मिळाली, गाडी उत्तरेकडे निघते तिथेच संपणारी. ती तो ठेवणार आहे. वाचायला मात्र १९९१ नंतरचीच घ्यायची, हे या वेळी पहिल्याच शनिवारी ठरलं. तो मुद्दा मांडला फ्लॅटवाल्याने.